श्लेर्नचा डोलोमाइट: ट्रायासिक समुद्रातील भित्तींविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्लेर्न डोलोमाइट म्हणजे नेमके काय आणि तो कोठे आहे?

इटलीच्या ईशान्येला, आल्प्सच्या दक्षिण अंगाला, डोलोमाइट्स नावाची पर्वतरांग आहे. तिच्या पश्चिम भागात, बोल्झानो शहराच्या पूर्वेला, श्लेर्न हा सपाट माथ्याचा आणि तुटलेल्या कड्यांचा डोंगर उभा आहे. इटालियन भाषेत त्याला शिलिआर म्हणतात आणि त्याचे सर्वोच्च टोक २,५६३ मीटरांवर आहे. या डोंगराचे कडे ज्या फिकट, जाड आणि वरवर पाहता एकजिनसी वाटणाऱ्या खडकाचे बनले आहेत, त्याला भूवैज्ञानिक श्लेर्न डोलोमाइट म्हणतात. रोझेनगार्टनसारख्या शेजारच्या डोंगरांतही हाच शैलसमूह आढळतो. साधारण २४ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे ट्रायासिक कल्पाच्या मध्यात, टेथिस या प्राचीन समुद्राच्या पश्चिम टोकाशी उष्ण कटिबंधातील उथळ पाण्यात चुनखडकाचे जे प्रचंड मंच वाढले, त्यांचेच हे अवशेष होत. या मंचांच्या कडा म्हणजेच त्या काळच्या भित्ती (रीफ), म्हणजे समुद्रात सजीवांनी उभारलेल्या खडकाच्या भिंती.

डोलोमाइट हे खनिजाचे नाव आहे की खडकाचे?

दोन्हींचे. खनिज म्हणून डोलोमाइट हे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे दुहेरी कार्बोनेट आहे. त्याच्या स्फटिकात कॅल्शियमचा एक थर आणि मॅग्नेशियमचा एक थर असे अणू आळीपाळीने रचलेले असतात. ज्या खडकात हे खनिज प्रामुख्याने असते त्यालाही डोलोमाइट म्हणण्याची पद्धत रूढ झाली, आणि पुढे सबंध पर्वतरांगच त्या नावाने ओळखली जाऊ लागली.

हे नाव देओदा द दोलोमियो या फ्रेंच संशोधकावरून आले. १७८९ मध्ये आल्प्समधून प्रवास करताना त्याला चुनखडकासारखाच दिसणारा, पण आम्ल टाकल्यावर फारसा न फसफसणारा एक दगड आढळला. १७९१ मध्ये त्याने त्याविषयी लेख प्रसिद्ध केला. त्याने पाठविलेल्या नमुन्यांचे रासायनिक पृथक्करण निकोला-तेओदोर द सोस्यूर याने केले आणि १७९२ मध्ये या दगडाला दोलोमियोचे नाव दिले.

हातातला दगड चुनखडक आहे की डोलोमाइट, हे कसे ओळखावे?

दोलोमियोने वापरलेली परीक्षा आजही तितकीच उपयोगी आहे. ड्रॉपरमध्ये सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घ्यावे आणि दगडाच्या ताज्या फुटलेल्या बाजूवर एक थेंब टाकावा. चुनखडक असेल तर थेंब पडताक्षणी फसफसतो आणि फेस उतू जातो. डोलोमाइटवर मात्र थेंब जवळजवळ शांत बसून राहतो. भिंग डोळ्याशी धरले, तर थेंबाच्या तळाशी एखाददुसरा बुडबुडा सुटताना दिसतो. मग चाकूच्या टोकाने तीच जागा खरवडून थोडा भुगा करावा आणि त्यावर पुन्हा थेंब टाकावा. आता बारीक बुडबुड्यांची रांग उठते, कारण भुग्याचा पृष्ठभाग कितीतरी अधिक असतो.

दगड नीट पाहिला तरी बरेच कळते. डोलोमाइटची ताजी बाजू भरड साखरेसारखी चमचमते आणि हाताला किंचित खरखरीत लागते. त्यात छोटी छोटी पोकळ ठिकाणे असतात आणि त्यांच्या भिंतींवर समभुज चौकोनी अंगाचे स्फटिक बसलेले दिसतात. तो चुनखडकापेक्षा थोडा जड आणि थोडा कठीण असतो: चुनखडकातील मुख्य खनिज कॅल्साइट, त्याची काठिण्यसंख्या ३ असते, तर डोलोमाइटची ३.५ ते ४.

हे डोंगर म्हणजे समुद्रातील भित्ती होत्या, हे प्रथम कोणी ओळखले?

फर्डिनांड फॉन रिश्टहोफेन या जर्मन भूवैज्ञानिकाने १८६० मध्ये हा विचार मांडला. श्लेर्नचा मोठा डोलोमाइट एका बाजूला एकाएकी संपतो आणि त्याच्या शेजारी त्याच काळातील, पण अगदी वेगळ्या प्रकारचे पातळ थर लागतात, हे कोडे त्याच्यापुढे होते. उथळ समुद्रातील प्रवाळभित्ती आणि तिच्या पायथ्याचा खोल समुद्र अशी कल्पना केली, तर दोन्ही खडक शेजारी शेजारी कसे असू शकतात हे समजते. १८७९ मध्ये एडमुंड फॉन मोय्सिसोविक्स याने याच विषयावर मोठा ग्रंथ लिहिला आणि निरनिराळ्या डोंगरांतील भित्तींचा परस्परसंबंध लावला.

या इतिहासात मारिया ओगिल्व्ही गॉर्डन या स्कॉटिश संशोधिकेचे नाव आदराने घ्यायला हवे. १८९१ मध्ये रिश्टहोफेननेच त्यांना या प्रदेशाची ओळख करून दिली. स्थानिक वाटाड्यांच्या सोबतीने उन्हाळेच्या उन्हाळे हिंडून त्यांनी जीवाश्म गोळा केले आणि नकाशे काढले. १८९३ मध्ये लंडन विद्यापीठाची विज्ञानातील डॉक्टरेट मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या, १९०० मध्ये म्युनिकची डॉक्टरेटही त्यांनी मिळविली, आणि ग्र्योडन, फासा व एनेबर्ग या भागांवरील त्यांचा मोठा ग्रंथ १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला. येथील थर जसे साचले तसेच जागेवर राहिलेले नाहीत, पुढच्या काळात ते चिरले, सरकले आणि एकमेकांवर ढकलले गेले, यावर त्यांनी दिलेला भर महत्त्वाचा ठरला. भित्तीची मूळ कड कोणती आणि नंतरच्या भूहालचालींनी झालेला तडा कोणता, हे ओळखल्याशिवाय येथे एकही पाऊल पुढे टाकता येत नाही.

पण खडक बदलून गेला असेल, तर ती भित्ती होती हे आज कशावरून सांगता येते?

हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. श्लेर्न डोलोमाइटमध्ये शिंपले, शैवाल आणि स्पंज यांच्या खुणा बहुतेक ठिकाणी पुसल्या गेल्या आहेत. मूळ पदार्थ विरघळून त्याच्या जागी नवे स्फटिक आले आणि सजीवांचे बारकावे नाहीसे झाले. तरीही मोठी रचना टिकून आहे, आणि पुरावा त्या रचनेतच आहे.

सह्याद्रीतील आडव्या थरांची सवय झालेल्या डोळ्यांना येथे एक गोष्ट चटकन खटकते. डोंगराच्या माथ्याजवळ थर आडवे असतात, पण कडेकडे गेल्यावर ते खाली कलतात आणि साधारण ३० ते ३५ अंशांच्या उताराने दरीच्या दिशेने उतरू लागतात. हा कल नंतरच्या भूहालचालींचा नव्हे. थर साचले तेव्हाच ते तिरपे होते. वाळूचा किंवा खडीचा ढीग ज्या कोनात स्थिरावतो, जवळपास तोच हा कोन आहे. तिरप्या थरांमध्ये भित्तीवरून तुटून कोसळलेल्या धोंड्यांचा कोणाश्म, म्हणजे टोकदार तुकडे जुळून झालेला खडक, सापडतो. खाली खाली जाताना हे थर पातळ होत जातात आणि शेवटी खोल पाण्यातील काळपट, गाठीदार चुनखडकाच्या थरांत बोटांसारखे शिरून संपतात. या खोल पाण्यातील थरांना बुखनश्टाइन शैलसमूह म्हणतात.

आता जाडी पाहा. ज्या काळात मंचावर कित्येक शे मीटर खडक साचला, त्याच काळात शेजारच्या खोल द्रोणीत जेमतेम काही दशक मीटर गाळ जमा झाला. तळ खचत होता आणि मंच वर वाढून समुद्राच्या पातळीशी आपली उंची राखत होता. द्रोणी मात्र उपाशी राहिली आणि खोल होत गेली. एकेका थराचा मागोवा घेत माथ्यावरून उतारावर आणि उतारावरून द्रोणीपर्यंत जाता येते, म्हणजे २४ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाचा चढउतार आज पायी चालून तपासता येतो. इतक्या जुन्या भित्तीचा संपूर्ण छेद असा उघड्यावर दिसणारी ठिकाणे जगात फार थोडी आहेत.

या भित्ती प्रवाळांनीच बांधल्या होत्या का?

फारच थोड्या प्रमाणात. ‘प्रवाळ’ म्हटल्यावर मराठी वाचकाच्या मनात आधी पोवळे येते, आणि दागिन्यातले ते तांबडे पोवळे तर मुळीच भित्ती बांधत नाही. ग्रेट बॅरियर रीफ डोळ्यांपुढे ठेवून श्लेर्नकडे पाहिले, तरीही गफलत होते.

सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी, पर्मियन कल्पाच्या अखेरीस, पृथ्वीवरील सर्वांत भीषण जीवसंहार झाला. त्यात भित्ती बांधणारे बहुतेक सजीव नष्ट झाले आणि त्यानंतर लाखो वर्षे मोठ्या भित्ती उभ्याच राहिल्या नाहीत. श्लेर्नच्या काळात त्या पुन्हा वाढू लागल्या, तेव्हा बांधकामाचा मुख्य भार सूक्ष्मजीवांच्या चिकट थरांवर होता. या थरांमध्ये आणि त्यांच्या आधाराने कार्बोनेट जागीच घट्ट होत असे. चुनेदार स्पंज, शैवाल आणि ट्युबिफायटीस नावाने ओळखला जाणारा एक गूढ सजीव यांची त्याला साथ होती. प्रवाळ होते, पण दुय्यम. मंचाच्या माथ्यावरील उथळ खाजणासारख्या पाण्यात डिप्लोपोरा हे नळीच्या आकाराचे हिरवे शैवाल विपुल वाढत असे.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. आजचे प्रवाळ सूर्यप्रकाशावर अवलंबून असल्याने त्यांची वाढ उथळ पाण्यातच जोमाने होते, पण सूक्ष्मजीवांचे हे थर उतारावर बऱ्याच खोलीपर्यंत खडक तयार करू शकत होते. म्हणूनच इतके तीव्र उतार कोसळून न जाता उभे राहिले. ‘प्रवाळभित्ती’ हा शब्द येथे सोयीपुरताच वापरावा, असे माझे मत आहे.

सजीवांच्या खुणा पुसल्या गेल्या असतील, तर हे सगळे कळले कसे?

काही प्रमाणात सुदैवाने. भित्तीच्या कडेवरून सुटलेले काही धोंडे थेट द्रोणीतील चिखलात जाऊन रुतले. हा चिखल, म्हणजे मार्ल हा चिकणमाती मिसळलेला मऊ चुनेदार खडक आणि ज्वालामुखीय गाळ, पाण्याला सहजासहजी वाट देत नाही. त्यामुळे ज्या मॅग्नेशियमयुक्त पाण्याने सबंध डोंगराचा डोलोमाइट केला, ते या धोंड्यांपर्यंत पोचलेच नाही. श्लेर्नच्या पायथ्याशी सायझर आल्म नावाचे विस्तीर्ण कुरण आहे. तेथील एका ओढ्यावरून या धोंड्यांना ‘सिपिट धोंडे’ असे नाव पडले. ओढ्याच्या काठच्या मातीतून डोके वर काढलेला असा धोंडा फोडला, तर आत स्पंजाच्या भिंती, प्रवाळांच्या नळ्या आणि सूक्ष्मजीवांचे लहरदार थर स्वच्छ दिसतात. शेजारच्या सान कासियानो परिसरातील मार्लमध्ये तर शिंपल्यांचे मूळ अरॅगोनाइट खनिजही अनेकदा शाबूत आहे. ट्रायासिक काळातील जीवाश्मांत हे फार दुर्मीळ.

चुनखडकाचा डोलोमाइट कसा झाला?

मूळ भित्ती कॅल्शियम कार्बोनेटची होती. नंतर मॅग्नेशियम असलेले पाणी तिच्या छिद्रांतून वाहिले, जुने खनिज विरघळत गेले आणि त्या जागी डोलोमाइट स्थिरावला. कागदावर हे सोपे वाटते. अशा अदलाबदलीत घन पदार्थाचे आकारमान सुमारे १३ टक्क्यांनी घटते. खडकातील पोकळ्यांचे एक कारण म्हणून ही घट पूर्वीपासून सांगितली जाते.

अडचण पुढे आहे. आजचे समुद्राचे पाणी डोलोमाइटच्या दृष्टीने अतिसंपृक्त आहे, म्हणजे त्यातून तो आपोआप बाहेर पडायला हवा. पण तसे होत नाही. लिंटन लँड या अमेरिकी भूवैज्ञानिकाने सामान्य तापमानाला, हजारपट अतिसंपृक्त द्रावणात डोलोमाइट तयार होतो का, हे ३२ वर्षे पाहिले. १९९८ मध्ये त्याने जाहीर केले की एकही स्फटिक मिळाला नाही. याउलट प्राचीन काळात डोलोमाइटचे डोंगरच्या डोंगर तयार झाले. या विसंगतीलाच ‘डोलोमाइटचे कोडे’ म्हणतात.

मॅग्नेशियमचा आयन पाण्याचे रेणू घट्ट धरून ठेवतो, त्यामुळे तो स्फटिकात सहज शिरत नाही, हे एक कारण. १९९५ मध्ये ब्राझीलमधील लागोआ व्हर्मेल्हा या खाऱ्या सरोवराच्या अभ्यासातून, सल्फेटवर जगणारे जीवाणू कमी तापमानालाही डोलोमाइट तयार होण्यास मदत करतात, असे दिसून आले. २०२३ मध्ये मिशिगन आणि होक्काइदो विद्यापीठांच्या संशोधकांनी आणखी एक उत्तर दिले. स्फटिकाच्या पृष्ठभागावर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आधी चुकीच्या जागी बसतात आणि पुढची वाढ अडते. पण पाणी मधूनमधून पातळ झाले, तर चुकीचे बसलेले अणू आधी विरघळून जातात आणि पुढच्या खेपेला रचना योग्य होते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या किरणाने असे विरघळविण्याचे सुमारे ४,००० झटके दोन तासांत देऊन त्यांनी डोलोमाइटचे जवळपास ३०० थर वाढविले. त्याआधी पाचांहून अधिक थर कोणाला वाढविता आले नव्हते. भरतीओहोटी, पाऊस आणि कडक ऊन यांची आलटूनपालटून ये-जा असलेल्या किनाऱ्यांवर डोलोमाइट आजही का सापडतो, हे यावरून बऱ्यापैकी समजते.

मात्र श्लेर्नच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही. शेकडो मीटर जाडीच्या तयार मंचात इतके मॅग्नेशियम कोणत्या पाण्याने, कोणत्या खोलीवर आणि केव्हा आणून पोचविले, याविषयी मतभेद कायम आहेत. समुद्राच्या पाण्याचे अभिसरण, दबलेल्या गाळातून पिळून निघालेले पाणी आणि खोलवरचे उष्ण द्रव या तिन्ही शक्यतांना समर्थक आहेत. माझ्या मते एकाच कारणाचा आग्रह धरण्याजोगा पुरावा येथे नाही.

मग या रांगेतील सगळेच डोंगर डोलोमाइटचे आहेत का?

नाहीत. डोलोमाइट्समधील सर्वोच्च शिखर मार्मोलादा (३,३४३ मीटर) हे प्रामुख्याने चुनखडकाचेच आहे. लातेमारचा बराचसा भागही चुनखडक राहिला असून त्यात डोलोमाइटचा छत्रीच्या आकाराचा एक पिंड घुसलेला दिसतो. शेजारच्या प्रेदाझ्झो येथील ज्वालामुखीच्या उष्णतेने तापलेले द्रव भेगांतून वर चढले आणि त्यांनी हे रूपांतर केले, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. डोलोमाइट होणे हा भित्तीच्या वाढीचा अटळ टप्पा नव्हता, हे या उदाहरणांवरून लक्षात येते.

ज्वालामुखींचा या भित्तींशी काय संबंध?

सुमारे २३ कोटी ७० ते ८० लाख वर्षांपूर्वी या भागात मोठे उद्रेक झाले. लाव्हा पाण्याखाली वाहिला, उशांसारख्या गोळ्यांत गोठला आणि अनेक द्रोणी त्याने व त्याच्या राखेने भरून काढल्या. श्लेर्नच्या कलत्या बाजूंना हा काळा थर टेकलेला दिसतो. भित्तीचा उतार लाव्हाखाली गाडला गेला म्हणूनच झिजण्यापासून वाचला, आणि आज वरचा मऊ थर निघून गेल्यावर तो जवळजवळ जसाच्या तसा उघडा पडत आहे. उद्रेक थांबल्यावर कार्नियन या ट्रायासिकच्या उत्तरार्धातील काळाच्या आरंभी भित्तींची नवी पिढी वाढली. तिच्या खडकाला कासियन डोलोमाइट म्हणतात.

वय इतक्या नेमकेपणाने कसे सांगता येते?

द्रोणीतील थरांत ज्वालामुखीय राखेचे हिरवट पट्टे आहेत. त्यांतील झिर्कॉन या खनिजाच्या कणांत युरेनियमचे शिशात किती रूपांतर झाले, ते मोजून वय काढतात. या मोजणीने एक गाजलेला वादही उभा राहिला. लातेमारच्या माथ्यावर पातळ थरांची सहाशेच्या आसपास आवर्तने आहेत. प्रत्येक आवर्तन पृथ्वीच्या अक्षाच्या सुमारे २० हजार वर्षांच्या डोलण्याशी जोडले, तर एकूण काळ १ कोटी वर्षांच्या वर जातो. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या झिर्कॉनच्या वयांनी मात्र तो काही दशलक्ष वर्षांपलीकडे नाही असे दाखविले. आता कमी कालावधीच्या बाजूने पुरावा भक्कम झाला आहे, म्हणजे एकेक आवर्तन बरेच जलद साचले असले पाहिजे.

प्रसिद्ध त्रे चिमे शिखरेही भित्तीच होती का?

नव्हती, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. त्रे चिमे दी लाव्हारेदो ही तीन शिखरे ‘दोलोमिया प्रिंचिपाले’ या नंतरच्या, नोरियन काळातील खडकाची आहेत. हा खडक भरतीओहोटीच्या सपाट, अतिविस्तृत चिखलभूमीवर थरावर थर साचून तयार झाला. त्यामुळे तेथील कड्यांवर आडवे पट्टे ठळक दिसतात, तिरपे उतार दिसत नाहीत.

या भित्तींचा शेवट कसा झाला?

सुमारे २३ कोटी ४० लाख ते २३ कोटी २० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीचे हवामान एकाएकी दमट झाले. या कालखंडाला कार्नियन पर्जन्यकाल म्हणतात. जमिनीवरून वाळू आणि माती समुद्रात येऊ लागली, पाणी गढूळ झाले आणि कासियन भित्तींची वाढ थांबली. उरलेल्या द्रोणी भरून गेल्या आणि समुद्रतळ जवळपास सपाट झाला. याच काळातील थरांत राळेचे, म्हणजे अंबराचे, बारीक थेंब विपुल सापडतात. कोर्तिना गावाजवळच्या अशाच थेंबांमध्ये अडकलेले दोन सूक्ष्म माइट आणि एक माशी २०१२ मध्ये जगापुढे आली.

समुद्रातला खडक इतक्या उंचीवर कसा गेला?

आफ्रिकेच्या बाजूचा भूखंड युरोपवर रेटला गेला आणि आल्प्स उचलले गेले. या भागात थर तुलनेने कमी चुरगळले. मोठे तुकडे अखंड राहून वर आले, म्हणून मूळ भूमिती वाचली. पुढे हिमनद्यांनी आणि भेगांत गोठणाऱ्या पाण्याने मऊ मार्ल कोरून काढला, कठीण डोलोमाइट उभा राहिला. खाली हिरवे कुरण आणि त्यातून सरळ वर उठणारा पांढरट कडा हे येथील नेहमीचे दृश्य या फरकाने घडले आहे.

महाराष्ट्रात असा खडक आहे का?

डोलोमाइट आहे, पण अशी भित्ती नाही. राज्याचा मोठा भाग सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या बेसाल्टने झाकलेला आहे. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील चुनखडक व डोलोमाइट हे प्रोटेरोझोइक काळातील, म्हणजे प्रवाळ निर्माण होण्याच्या कितीतरी आधीचे आहेत. नर्मदेच्या खोऱ्यात, मध्य प्रदेशातील बाघ येथे ‘कोरलाइन’ असे नाव असलेला क्रिटेशस काळातील चुनखडक आहे, पण त्यात मुख्यतः ब्रायोझोआ हे वेगळे सजीव आहेत. डोलोमाइट हे खनिज मात्र आपल्या परिचयाचे आहे: पोलादाच्या भट्टीत ते लागते, आम्लधर्मी जमिनीत त्याची पूड घालतात, आणि बाजारातील रांगोळीची पूडही पुष्कळदा डोलोमाइट दळून केलेली असते.

प्रत्यक्ष पाहायचे असल्यास कोठे जावे?

सायझर आल्मच्या कुरणावरून श्लेर्नची आणि पूर्वेकडील लांगकोफेलची बाजू एकाच फेरीत दिसते. तिरपे थर पाहण्यासाठी सकाळचे किंवा संध्याकाळचे ऊन हवे, कारण माध्यान्हीच्या प्रकाशात फिकट कड्यावरच्या रेषा हरवतात. सूर्यास्ताला हेच कडे गुलाबी होतात. स्थानिक लादिन भाषेत त्याला ‘एनरोसादिरा’ म्हणतात. २००९ मध्ये युनेस्कोने या रांगेतील नऊ पर्वतसमूहांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, आणि श्लेर्न-रोझेनगार्टन परिसर १९७४ पासून निसर्गोद्यान आहे. त्यामुळे येथे हातोडी न्यायची नाही. सिपिट धोंड्यांचे आणि सान कासियानोच्या शिंपल्यांचे नमुने जवळून पाहायचे असतील, तर बोल्झानोचे निसर्गविज्ञान संग्रहालय किंवा प्रेदाझ्झोचे भूविज्ञान संग्रहालय गाठावे, आणि शक्य असल्यास डोंगर चढण्याच्या आदल्या दिवशीच.